पांढरी टोपी, राखाडी फोटो

कॅमेरा कोणता घ्यावा, या प्रश्नाला या सदरात उत्तर मिळत नाही. ते काम दुकानदार जास्त उत्साहाने करतात. हातात जो आहे, मग तो फोन का असेना, त्याच्याबद्दलच्या तक्रारींना मात्र इथे जागा आहे. या वेळची बरीचशी पत्रं आषाढी ते कोजागिरी या काळातल्या फोटोंबद्दल आहेत.

प्रश्न : वारीत भरपूर फोटो काढले. प्रत्यक्षात वारकऱ्यांची धोतरं, टोप्या लख्ख पांढऱ्या दिसत होत्या. फोटोत सगळं मळकट, राखाडी आलं. कॅमेरा बिघडला असेल का? – एक वाचक, बारामती

कॅमेरा ठणठणीत आहे. नेमून दिलेलं काम त्याने चोख केलं, आणि घोळ तिथेच झाला.

कॅमेऱ्यातला मीटर समोरून येणारा प्रकाश मोजतो. पण समोरची वस्तू मुळात पांढरी आहे की काळी, हे कळायला त्याच्याकडे काही मार्ग नसतो. भर उन्हातला काळा दगड आणि दाट सावलीतला पांढरा सदरा, दोन्हींकडून त्याच्यापर्यंत सारखाच प्रकाश पोचू शकतो. मग त्याला काहीतरी गृहीत धरावं लागतं. ते गृहीतक असं की, समोरचं दृश्य सरासरीने मध्यम राखाडी असणार, म्हणजे अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारं. झाडं, माती, घरं, माणसं अशी सरमिसळ असली की हा अंदाज बऱ्यापैकी जमतो. तुम्ही चौकट भरून पांढरी धोतरं घेतलीत. स्वच्छ पांढरं सुती कापड ८० टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत पाठवतं. मीटरने ठरवलं की आज ऊन फारच कडक आहे. त्याने प्रकाश आवळला आणि पांढऱ्याचं इमानेइतबारे राखाडी करून दिलं. उद्या गोठ्यातल्या काळ्या म्हशीचा जवळून फोटो काढलात, तर तो प्रकाश वाढवेल आणि म्हैसही राखाडीच येईल.

उपाय कॅमेऱ्यावरच असतो. अधिक-उणे अशी खूण असलेलं बटण किंवा चकती शोधा; त्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. अधिक १ म्हणजे दुप्पट प्रकाश, उणे १ म्हणजे निम्मा. पांढरं चौकटभर असेल तर अधिक १ ते दीड, म्हशीला उणे १. पांढऱ्याला आणखी प्रकाश द्यायचा आणि काळ्याचा कमी करायचा, हे सुरुवातीला उफराटं वाटतं, पण मीटरची समजूत अशीच काढावी लागते. फोनवर बहुतेक ठिकाणी पडद्यावर बोट टेकवलं की सूर्याचं छोटं चिन्ह येतं. बोट वर सरकवलं की फोटो उजळतो.

फक्त हात सैल सोडू नका. डिजिटल फोटोत पांढरं एकदा जळलं, म्हणजे धोतराच्या चुण्या नाहीशा होऊन नुसता कोरा पांढरा भाग उरला, की नंतर कुठल्याही ॲपने त्या चुण्या परत येत नाहीत. अंधारलेला भाग त्या मानाने पुष्कळ उजळता येतो. म्हणून शंका आली तर पाव-अर्धा टप्पा कमीच ठेवावा.

वारीत याच्या नेमका उलटा सापळाही असतो. खाली बसून, मागे आषाढातलं ढगाळ आकाश घेऊन एखाद्या माळकऱ्याचा फोटो काढला की चेहरा काळाठिक्कर येतो. इथे मीटर फसलेला असतो आकाशाला. पुन्हा अधिकच करायचं, पण या वेळी आकाश पांढरं फटक पडेल. पडू द्या. चेहरा की आकाश, असा प्रश्न आला तर मी बिनदिक्कत चेहरा घेतो. आणि एवढं करण्यापेक्षा उभं राहून, मागे झाड किंवा दिंडीच घेतली तर प्रश्नच मिटतो. नवे फोन चेहरा ओळखून स्वतःच थोडं सांभाळून घेतात. पाठमोऱ्या दिंडीत चेहराच नसतो, तिथे ते हमखास चुकतात.

याच वाचकांनी पुढे विचारलं आहे : रिंगणातला अश्व फोटोत नुसता फराटा होऊन आला. असं का?

हिशेबच करू. धावत्या अश्वाचा वेग ताशी ४० किलोमीटर धरला, तर तो सेकंदाला ११ मीटर जातो. ऑटोवर ठेवलेल्या कॅमेऱ्याने ढगाळ हवेत १/६० सेकंदाचं शटर निवडलं असेल, तर शटर उघडं असेपर्यंत अश्व १८ सेंटिमीटर पुढे गेला. तोच फराटा. शटर १/१००० सेकंद केलं तर तो जेमतेम एक सेंटिमीटर हलतो आणि टापांनी उडालेली मातीसुद्धा हवेत थबकलेली दिसते.

याची किंमत मात्र मोजावी लागते. १/६० वरून १/१००० वर जाताना प्रकाश चार वेळा निम्मा झाला, म्हणजे सोळावा हिस्सा उरला. तो भरून काढायला एकतर लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठं करा किंवा आयएसओ १०० चा १६०० करा. आयएसओ वाढवला की फोटोत रवाळपणा येतो, त्याला घाबरू नका. रवाळ अश्व चालतो, फराटा झालेला कुणी भिंतीवर लावत नाही.

शटरचा हा खेळ छायाचित्रणाइतकाच जुना आहे. १८३८ साली दागेर यांनी पॅरिसमधल्या बुलव्हार द्यू तांप्ल या रस्त्याचा फोटो खिडकीतून काढला. दिवसाढवळ्याचा वर्दळीचा रस्ता, पण फोटोत तो ओसाड दिसतो. कारण प्लेटवर चित्र उमटायला काही मिनिटं लागायची, आणि चालणारी माणसं, गाड्या तेवढ्यात कुठलीच खूण न ठेवता निघून जायची. टिकला तो एका कोपऱ्यात बूट पॉलिश करून घेणारा माणूस. तो एका जागी उभा होता म्हणून. पुढे अवघ्या ४० वर्षांत, १८७८ मध्ये, कॅलिफोर्नियात माय्ब्रिज यांनी धावपट्टीच्या कडेला ओळीने १२ कॅमेरे मांडले. घोडा पुढे जाईल तसे आडवे ताणलेले दोरे तुटत आणि एकेक शटर पडे. धावताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून उचललेले असतात, हे तेव्हा सिद्ध झालं. गंमत अशी की, तो क्षण पाय पोटाखाली गोळा झाल्यावर येतो. चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेला उडता घोडा काढत आले होते.

पुढच्या वर्षी एक वेगळा प्रयोगही करून बघा. शटर मुद्दाम १/६० वरच ठेवा, पण अश्वाच्या वेगाने कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवत बटण दाबा. याला पॅनिंग म्हणतात. अश्व बऱ्यापैकी स्पष्ट येतो आणि मागची गर्दी आडव्या रेघांमध्ये विरघळते. दहातले आठ फोटो फुकट जातील. उरलेले दोन, १/१००० ने गोठवलेल्या फोटोपेक्षा, मला तरी जास्त आवडतील.

प्रश्न : एफ/२ म्हणजे छिद्र मोठं आणि एफ/१६ म्हणजे लहान. हे आकडे उलटे का? आणि १.४, २.८, ५.६ असे विचित्र का? – एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

तो भागाकार आहे. लेन्सचं नाभीय अंतर भागिले तो आकडा, म्हणजे छिद्राचा व्यास. ५० मिलिमीटरच्या लेन्सचं एफ/२ म्हणजे २५ मिलिमीटरचं छिद्र, एफ/१६ म्हणजे सुमारे ३ मिलिमीटरचं. छेद वाढला की अपूर्णांक लहान होतो, हे शाळेतलंच गणित.

विचित्र आकड्यांचं कारण वर्तुळाचं क्षेत्रफळ. प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा करायचा तर क्षेत्रफळ निम्मं हवं. त्यासाठी व्यासाला २ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.४१ ने भागावं लागतं. म्हणून १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. एकाआड एक आकडा दुप्पट होतो, एवढं ध्यानात ठेवलं की पाठ करावं लागत नाही. भागाकाराची भानगड ठेवण्यातही शहाणपण आहे. लेन्स २४ मिलिमीटरची असो वा २०० ची, एफ/८ म्हटलं की आत पोचणारा उजेड जवळपास सारखाच.

छिद्र लहान केलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट येतं. मोठं केलं की मागचं धूसर होतं. आता तुमचा पुढचा प्रश्न असेल की फोनवर एफ/१.८ लिहिलेलं असूनही मागचं धूसर का होत नाही. कारण फोनच्या मुख्य लेन्सचं खरं नाभीय अंतरच सहा-सात मिलिमीटर असतं. भागिले १.८, म्हणजे छिद्र जेमतेम साडेतीन मिलिमीटर. फोनचा पोर्ट्रेट मोड मागची धूसरता हिशेब करून रंगवतो. कुठे फसतो ते बघायचं असेल तर नथीच्या आतली मोकळी जागा, सुटलेल्या बटा आणि चष्म्याची दांडी तपासा.

प्रश्न : आजीचा एक चांगला फोटो घरीच काढायचा आहे. त्यासाठी लाइट्स आणि छत्री विकत घ्यावी लागेल का? – एक शिक्षिका, चिपळूण

नको. चिपळूणच्या घराला पडवी किंवा मोठी खिडकी असणारच, त्यात निम्म्याहून अधिक काम झालं.

आधी घरातले सगळे दिवे घालवा. छताचा ट्यूबलाइट वरून खाली पडतो, डोळ्यांच्या खोबणीत आणि हनुवटीखाली काळोख भरतो, आणि माणूस दमलेला दिसतो. मग आजीला खिडकीपासून हातभर अंतरावर बसवा. खिडकी तिच्या पाठीमागे नको आणि अगदी समोरही नको. एका गालाकडून पुढे, अशी तिरकी असू दे. तुम्ही खिडकीला जवळजवळ पाठ लावून उभ्या राहा. तिच्या डोळ्यांत खिडकीचा छोटा उजळ चौकोन दिसेपर्यंत मान हळूहळू वळवायला सांगा. तो चौकोन नसला की डोळे विझलेले वाटतात. घरी काढलेल्या फोटोत सगळ्यात जास्त हीच गोष्ट राहून जाते.

खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पांढरा पडदा किंवा धुतलेली चादर लावा. प्रकाश कठोर की मऊ, हे त्याच्या जोरावर ठरत नाही. माणसाच्या जागेवरून तो स्रोत किती मोठा दिसतो, यावर ठरतं. सूर्य केवढा तरी मोठा, पण इतका लांब की आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचा ठिपका. म्हणून त्याची सावली सुरीने कापल्यासारखी. ढग आले की सगळं आकाशच दिवा होतं आणि सावलीच्या कडा नाहीशा होतात. पडद्याने खिडकीपुरता तोच परिणाम मिळतो. उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन येत नाही म्हणून ती उत्तम, असं पुस्तकांत वाचाल. ती पुस्तकं बहुधा युरोपातली. आपल्याकडे, उदाहरणार्थ मुंबईत, मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्यच डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो. तेवढे दिवस पडदा लागतोच.

खिडकीपासून दूर असलेला गाल फार अंधारला तर त्या बाजूला पांढरं काहीतरी उभं करा. थर्माकोलचा तुकडा, उशीचा अभ्रा, पांढरं धोतरही चालतं. चित्रीकरणाच्या सेटवर थर्माकोल हेच काम करतो. उजेड असा आपटवून परत आणण्याची, म्हणजे बाउन्सची, एक मोठी गोष्ट आपल्या सिनेमात आहे. सत्यजित राय यांच्या १९५६ च्या ‘अपराजितो’मध्ये बनारसच्या घराचा चौक हवा होता, आणि सेट होता कलकत्त्याच्या स्टुडिओत. चौकात प्रकाश वरच्या आकाशाच्या तुकड्यातून येतो, सावली जवळजवळ न पाडता. छायालेखक सुब्रत मित्र यांनी सेटवर पांढरं कापड ताणलं, दिवे खालून त्या कापडावर मारले आणि परतून आलेल्या उजेडात दृश्यं चित्रित केली. चौसोपी वाड्यात वाढलेल्या कुणालाही तो उजेड लगेच ओळखू येईल. आणि अगदी उलटं काम बघायचं असेल तर १९५९ चा ‘कागज़ के फूल’ पाहा. रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा तो उजेडाचा झोत व्ही. के. मूर्ती यांनी मोठे आरसे लावून, खऱ्या उन्हाचाच वळवलेला होता. दोघांनीही बाहेरचं ऊन आणि आकाशच आत आणलं. एकाने कापडाने, एकाने आरशाने.

सुरकुत्यांचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. प्रकाश बाजूने आला की सुरकुत्या खोल दिसतात, समोरून आला की मावळतात. खिडकीकडे तोंड थोडं जास्त वळवलं की आपोआप सौम्य होतील. त्यापुढे जाऊन फोनच्या ब्यूटी मोडने त्या पुसू नका. त्याने आजी तरुण होत नाही, मेणाची होते. आणि फोनची नेहमीची लेन्स चेहऱ्याच्या अगदी जवळ नेऊ नका. नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. दीड-दोन मीटर मागे सरका, मग झूमची लेन्स वापरा किंवा फोटो नंतर कापा.

प्रश्न : कोजागिरीचा चंद्र डोळ्यांना केवढा दिसतो, फोटोत पांढरी टिकली का येते? – एक वाचक, नाशिक

दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. पहिली, आकार. चंद्राची रुंदी आकाशात अर्धाच अंश असते. ५० मिलिमीटरच्या लेन्सने तो सेन्सरवर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान उमटतो. क्षितिजाजवळ तो मोठा वाटणं हा मेंदूचा भास आहे, आणि कॅमेऱ्याला भास होत नाही. ३०० मिलिमीटरच्या लेन्सने तो पावणेतीन मिलिमीटरचा येईल. तिथून पुढे मजा आहे.

दुसरी, पांढरेपणा. बाहेर रात्र असली तरी चंद्रावर ऊन पडलेलं असतं. आपल्याइतकंच कडक ऊन, कारण सूर्यापासून तो आपल्याएवढाच लांब आहे. मीटर मात्र भोवतालचा काळोख बघून प्रकाश वाढवत नेतो आणि चंद्र जळतो. फिल्मच्या जमान्यातला नियम होता : कडक उन्हात एफ/१६ ठेवा आणि शटर आयएसओच्या आकड्याएवढं, म्हणजे आयएसओ १०० ला १/१०० सेकंद. चंद्रासाठी तोच नियम, फक्त एफ/११. एक पायरी जास्त, कारण इतका उजळ वाटणारा चंद्र प्रत्यक्षात वापरून मळलेल्या डांबरी रस्त्याइतका काळपट आहे. अंगावरच्या उन्हापैकी तो १२ टक्क्यांच्या आसपासच परत पाठवतो.

चंद्र आणि त्याखाली देवळाचं शिखर, दोन्ही नीट हवं असेल तर आदल्या दिवशी, चतुर्दशीला जा. पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्यास्तालाच उगवतो आणि तो वर येईपर्यंत जमीन काळी पडते. चतुर्दशीचा चंद्र सूर्यास्ताच्या बराच आधी उगवलेला असतो. सूर्य मावळता मावळता काही मिनिटं अशी येतात की शिखर आणि चंद्र सारख्याच उजेडात असतात. फोटोत फरक कुणाला कळत नाही. दूध दुसऱ्या दिवशी प्या.

प्रश्न : घरच्या कार्यक्रमाच्या फोटोत अर्धे चेहरे पिवळे, अर्धे निळे. – एक वाचक, सांगली

खिडकीचा उजेड आणि पिवळा बल्ब एकाच वेळी चालू होते. दिवसाचं ऊन साधारण ५५०० केल्विन, पिवळा बल्ब २८०० च्या आसपास, समईची ज्योत २००० च्याही खाली, आणि सावलीतलं निळं आकाश ७००० च्या वर. आकडा वाढला की रंग निळ्याकडे झुकतो. डोळा हे सगळं मनातल्या मनात सारखं करून घेतो. कॅमेऱ्याला एकाच रंगाशी जुळवून घेता येतं. दोनांपैकी एक बंद करा, बल्ब किंवा पडदा. समईच्या उजेडातला फोटो असेल तर व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून उन्हाच्या चिन्हावर ठेवा, नाहीतर कॅमेरा समईचा पिवळेपणा ‘दुरुस्त’ करून टाकेल.

प्रश्न : अमेरिकेतून आणलेल्या कॅमेऱ्याने पुण्यात व्हिडिओ काढला की ट्यूबलाइटखाली आडवे पट्टे सरकतात. – एक वाचक, न्यू जर्सी

तिकडची वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, इकडची ५०. इकडचे ट्यूबलाइट आणि बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. कॅमेऱ्याचा ताल त्याच्याशी जुळला नाही की पट्टे दिसतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा आणि मेनूमध्ये ५० हर्ट्‌झ किंवा पाल असा पर्याय शोधा. परत गेल्यावर पूर्ववत करायला विसरू नका, नाहीतर पट्टे तिकडे दिसतील.

प्रश्न : वानखेडेवर रात्रीचा सामना बघायला जाणार आहे. वरच्या स्टँडमधून फोटो काढताना फ्लॅश लावावा का? – एक वाचक, डोंबिवली

छोट्या दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाने घटतो. एक मीटरवर जेवढा, दोन मीटरवर त्याचा पाव, दहा मीटरवर शंभरावा हिस्सा. खेळपट्टी शंभर मीटरवर असेल तर तिथे पोचेल तो दहा हजारावा हिस्सा, आणि मैदानावर आधीच मोठमोठे प्रकाशझोत आहेत. फ्लॅश बंद ठेवा. त्याने उजळेल ती पुढच्या रांगेतल्या काकांची टोपी, आणि ती निळी असेल. पांढरी असली तर मीटर पुन्हा फसेल.